तळ्याची सून

गळ टाकून बसणाऱ्या माणसाला मतं नसावीत. मासा असावा, तो नसेल तर डुलकी असावी. मत आलं की चार माणसं जमतात, चार जमली की ठराव होतो, आणि ठराव झाला की माझ्यासारख्या बिनलग्नाच्या शाळामास्तरला एका माशाचं कन्यादान करावं लागतं. थट्टा नाही करत मी. केलंय.

ही गोष्ट आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि पुढे मुंबई राज्यात गेला, त्या मधल्या वर्षांतली. वैनगंगेपासून अडीच कोसांवर, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा एकुलता एक मास्तर होतो. गावाला जुनं मालगुजारी, म्हणजे जमीनदाराने बांधलेलं, तळं होतं. मालगुजारी नुकतीच बुडाली होती, त्यामुळे तळं आता सरकारचं झालं असं सरकारला वाटे. गावाला तसं काही वाटत नसे. तळ्याच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, मासे धरणाऱ्या ढिवरांची पाच घरं होती आणि त्या पाच घरांत शेवटचा शब्द एका बुढीचा असे. सत्तरीची, काटक, कमरेला तंबाखूची पिशवी, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा बगळा उडावा.

ही बुढी दर पावसाळ्यात पोरासुनांना घेऊन नदीवर जाई. पुराच्या पाण्यातून जुन्या लुगड्याने माशांचं बी गाळायचं, मडक्यांत भरायचं आणि कावडीने तळ्यात आणून सोडायचं, हा तिच्या सासऱ्यापासूनचा रिवाज. अडीच कोस चालताना मडकं सारखं हलतं ठेवावं लागतं, पाणी निवांत झालं की बी मरतं. पोरं-सुना ओळीने पुढे आणि बुढी मागून ओरडतेय, "हालवा रे, हालवा! झोपले का बाप्पा?" उन्हाळ्यात तेच बी रोहू होऊन जाळ्यात येई, आणि त्यावर पाच घरं जगत. हे सगळं मला माहीत होतं बरं का. रोज डोळ्यांनी बघत होतो. तरी मी मत दिलं.

आमची गळवाल्यांची बैठक रविवारी सकाळी पाळीवरच्या मोहाखाली भरे. चार जण: जंगलखात्याचे रेंजरसाहेब, पोस्टमास्तर, दवाखान्याचा कंपाऊंडर आणि मी. रेंजरसाहेबांकडे कोणा इंग्रज साहेबाने जाताना टाकून दिलेली चकरीची बन्सी, म्हणजे गळाची काठी, होती. ते तिला तेल लावत, मऊ फडक्याने पुसत, आणि रोहू लागला की तोंड वाकडं करत. "हा काय मासा आहे? बैल आहे, बैल! दोरी ओढली की मुकाट मागे येतो. मासा कसा पाहिजे? माणसाला पाण्यात ओढणारा पाहिजे!" त्यांना हवा होता महाशीर. मोठ्या खवल्यांचा, नदीच्या डोहातला, लहान मासे खाऊन माजलेला. तो तळ्यात आणून सोडायचा, वाढवायचा आणि मग एक दिवस त्याच्याशी झुंजायचं असा त्यांचा बेत होता.

पोस्टमास्तरांचा साफ विरोध. "साहेब, मासा लागणं हाच मुळात व्यत्यय आहे. मी इथे बसायला येतो. तुमचा तो पहिलवान आला तर बसू देईल का मला?" पोस्टमास्तर हिंग घातलेल्या कणकेची गोळी गळाला लावत आणि गळ अशा जागी टाकत की तिथे मासा सहसा येऊ नये.

कंपाऊंडरचं म्हणणं शास्त्रीय होतं. मलेरियाच्या फवारणीचे दिवस ते. तो म्हणाला, शिकारी मासा डासांची अंडी खाईल, ताप हटेल. रेंजरसाहेब म्हणाले, महाशीर अंडीबिंडी खात नाही, मासे खातो.

"म्हणजे डासांची अंडी खाणारे मासेही खाईल?"

"खाईल की!"

"मग डास वाढतील."

कंपाऊंडरने गळ वर काढला, बघितला, परत टाकला. शेवटी कंपाऊंडर म्हणाला, "तरी माझा पाठिंबा आहे. मला घर शाकारायला बांबू पाहिजेत."

दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, राहिलो मी. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आणि त्या बुढीचं बी?" मी ऐकलं. ऐकून गळाकडे बघत राहिलो. वय तेवीस होतं, मोठा मासा धरला की माणूस आपोआप मोठा होतो अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "आणू या साहेब." झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मासा आणायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. मास्तरला काम नसतं हे सगळ्यांचं एकमत. वैनगंगेवरच्या मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, देवळापासून बऱ्याच लांब, एका डोहात मी दोन दिवस गळ टाकून बसलो आणि हातभर लांबीचे तीन महाशीर काढले. लग्नात भात शिजवतात तो मोठा गंज मागून आणला होता, त्यात पाणी भरून मासे सोडले आणि तो बैलांच्या रेंगीत ठेवला. वाटेत एका झाडाखाली शिदोरी सोडली, भात खाल्ला, डोळा लागला. उठून बघतो तर बैलही झोपलेले आणि गंजात दोन मासे पोट वर करून तरंगतायत. तिसरा कसाबसा तोंड उघडतोय, मिटतोय. मी भुतासारखी रेंगी हाकली.

पाळीवर बुढी आडवी उभी होती.

"काय आणलं जी गुरुजी?"

"मासा."

"आमच्या तळ्यात मासे नाईत का?"

"हा वेगळा आहे बाई. शिकारी आहे."

"कोनाची शिकार करते?"

याचं उत्तर मला येत होतं, पण तोंडातून निघेना. बुढीने गंजात डोकावलं, मेलेले दोन बाजूला सारले आणि तिसऱ्याच्या पोटाखाली हात घातला. "पोट्टी हाये," ती म्हणाली. "पानी हालवलं नाई तुमी. मास्तर लोक बसले का झोपते." मग हात पाण्यात तसाच ढवळत ठेवून तिने मला सांगितलं की ही अशी तळ्यात सोडता येणार नाही.

आमच्याकडे नवं तळं बांधलं की त्याचं लग्न लावतात, त्याशिवाय त्याचं पाणी कोणी पीत नाही. मधोमध सागाचा खांब रोवायचा, तो नवरदेव आणि तळं ही नवरी. या तळ्याचंही कधीकाळी रीतसर लागलेलं होतं. बुढी म्हणाली, "संसाराचं तळं हाये जी. गावात बाई येते ते दोनच रीतीनं. लेक म्हनून जल्मते, नाईतं सून म्हनून येते. हे कोनत्या रीतीनं आली?"

एवढ्यात रेंजरसाहेब आले. त्यांनी ऐकलं आणि असे हसले की डोक्यावरची टोपी तळ्यात पडली. "अरे मग लावा लग्न! आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय! साहेब, तुमचं काही गेलं नाही हो.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं. रात्रभर बुढीच्या सुना पाळीपाळीने गंज हलवत बसल्या होत्या, त्यामुळे नवरी तरतरीत होती. नवरदेव म्हणून बुढीने तळ्यातला एक दांडगा मरळ टोपलीखाली धरून आणला. नथ कंपाऊंडरने केली. एका गळाचं टोक कानशीने घासून बोथट केलं, त्यात तांबडा मणी ओवला आणि दवाखान्याची सुई वापरून माशाच्या ओठाच्या कडेला घातली. वधूपिता कोण, हा प्रश्न आलाच नाही. ज्याने आणली तो बाप. मी म्हणालो, "बाई, माझंच लग्न व्हायचंय अजून." बुढी म्हणाली, "तुमचं होत राहीन जी. पोरीचं वय जाऊन राह्यलं."

मंगलाष्टकं पोस्टमास्तरांनी म्हटली, कारण त्यांना पाठ होती आणि ते विरोधात असले तरी अडून बसणारे नव्हते. मधे धोतराचा अंतरपाट, एकीकडे गंजात माझी लेक, दुसरीकडे घमेल्यात मरळ. 'सावधान' म्हणताच मरळ खरोखरच सावध झाला. त्याने घमेल्याबाहेर उडी मारली. मरळाची जात चिवट, पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. तो अंतरपाटाखालून, पोस्टमास्तरांच्या पायांमधून, चिखलावरून सळसळत तळ्यात गेला. बाया म्हणाल्या, नवरदेव लाजला. त्यामागोमाग आम्ही नवरीला सोडलं. साहेबांनी स्वतः अक्षता टाकल्या, दोन्ही हातांनी. जेवणात वरण-भात होता, मासे नकोत यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो मरळ पुढे कोणाला दिसला नाही, आणि त्याबद्दल गावात जे बोललं गेलं ते बाप म्हणून मला ऐकवत नसे.

पुढच्या रविवारी मी गळ घेऊन पाळीवर गेलो. महाशीर वाढेपर्यंत एखादा रोहू मारावा, एवढाच विचार. बुढी घाटावर भांडी घासत होती.

"गुरुजी! लेकीच्या घरी बाप पानी पेत नाई, अन् तुमी गरी टाकून राह्यले?"

मला आधी कळेचना. मग कळलं. लेकीच्या सासरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नसतं, नातवंड होईपर्यंत. तळं हे माझ्या लेकीचं सासर. म्हणजे त्या तळ्यातला मासाच काय, ओंजळभर पाणीसुद्धा मला बंद. आणि साहेबांच्याच तोंडून मी ऐकलेलं होतं की महाशीर वाहत्या पाण्याशिवाय अंडी घालत नाही. नातवंडाची वाट बघत मी म्हातारा झालो असतो.

साहेब तणतणत आले. मास्तर बाप असेल, मी कोण? बुढीने त्यांना शांतपणे समजावलं, "तुमी अक्षता टाकल्या ना जी? वऱ्हाडी सुनेच्या तोंडात गरी अडकवते का?" साहेब म्हणाले, मी फक्त रोहू धरीन. बुढी म्हणाली, "गरीले डोये असते का? जाळ्यात आली तं आमी पाहून सोडून देऊ. गरीले काय समजते, तोंड सुनेचं हाये का रोहूचं?" साहेबांनी चकरी फिरवून दोरी गुंडाळली. तळ्यावर गळ बंद झाला.

फक्त पोस्टमास्तर येऊन बसत राहिले. त्यांनी दोरीचा गळ काढून टाकला आणि नुसती दोरी पाण्यात सोडून बसू लागले. चौघांत तेवढे एकटेच सुखी होते. साहेबांची चार महिन्यांत एटापल्लीकडे बदली झाली. तिकडे चांगली नदी आहे म्हणत ते बन्सी घेऊन आनंदाने गेले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, लेकीची काळजी घ्या."

काळजी कसली घेतो, लेकीनेच माझी काळजी घेतली म्हणायची. त्या वर्षी माझ्या लग्नाचं जुळत आलं होतं. मुलीकडची मंडळी मला बघायला गावात आली आणि शाळा विचारायला नेमकी पाळीवर थांबली. बुढीने त्यांना तोंडभर सांगितलं, "लय चांगले हायेत गुरुजी. त्याइची लेक आमच्याच घरी देल्ली." मंडळी चहाला थांबली नाहीत. आठवड्याने मुलीच्या वडिलांचं पत्र आलं, त्यात शेवटी लिहिलं होतं, 'आपली कन्या सासरी सुखात असावी ही प्रार्थना.' ते पत्र पोस्टमास्तरांनी मला स्वतः आणून दिलं. पाकीट उघडलेलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा उघडा होता.

लेक सुखात होती, त्यात शंका नाही. घाटावरच्या बायांनी तिला मुरमुऱ्यांची सवय लावली. भांड्याचा आवाज झाला की ती वर येई, तांबडा मणी लुकलुके, आणि बाया तिच्याशी बोलत बसत. भाताची शितं, उंबर, मुरमुरे, काही चालायचं तिला. वर्षभरात ती दीड हाताची झाली. बुढी सासूच्या तोऱ्यात माझ्याकडे गाऱ्हाणी आणी. तुमची लेक भांडी घासू देत नाही. तुमच्या लेकीने काल लहानीचं बोट चाटलं. मी मान खाली घालून ऐकून घेई. काय करणार, मुलीचा बाप.

साहेबांनी मासा सोडायच्या परवानगीचा अर्ज वर केला होता, त्याचं उत्तर मधेच कधीतरी आलं. तोवर राज्य बदललं होतं. सदर मासा जुन्या राज्यात सोडला की नव्या, याचा खुलासा मागितला होता. मी तो कागद शाळेच्या कपाटात ठेवून दिला.

हसण्यावारी नेण्यासारखं तोवरच होतं. पहिल्या उन्हाळ्यात बुढीच्या पोरांनी जाळं ओढलं तेव्हा मासे कमी आले. पाऊस कमी झाला म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या पावसाळ्यात बुढीने नेहमीपेक्षा दुप्पट बी आणलं. मी घाटाच्या वर उभा होतो. मडकी पाण्यात ओतली आणि क्षणभरात तिथे मणी चमकला. उथळ पाण्यात धुळीसारखं पसरलेलं ते बी, आणि त्यातून माझी लेक तोंड उघडून इकडून तिकडे जातेय, परत येतेय. भांड्याचा आवाज झाला की जेवायला यायचं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. बुढी रिकामं मडकं हातात धरून बघत राहिली.

दुसऱ्या उन्हाळ्यात जाळ्यात आलं ते शेवाळ, शिंपले, चार म्हातारे रोहू आणि मधोमध आमची सून. थोरल्या पोराने तिला दोन्ही हातांनी वर धरलं. "माय, हिले आजच कापू. नाईतं आमी चाललो चांद्याले, कोयशाच्या खदानीत." बुढीने त्याच्या हातावर चापट मारली. "सून जास्त खाते म्हनून सुनेले मारते का कोनी? सोड तिले." त्याने सोडली. पण धाकट्या दोन पोरांनी त्याच आठवड्यात गाठोडी बांधली. एकाने झोपडीच्या दारावरचं बांबूचं तट्टंही काढून ठेवलं.

त्या दुपारी बुढी शाळेत आली. पोरांना सुट्टी झाली होती. ती दाराशी उकिडवी बसली, तंबाखू काढली, मळली आणि न खाताच हातात ठेवली.

"गुरुजी, तळं खाली झालं. पाच घरं कुठी जातीन जी?"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. बी कोण खाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने पाळीवर सरळ विचारलं होतं, कोणाची शिकार करते. मी मुका झालो होतो. एका मोठ्या माशाच्या हव्यासापायी मी या बाईच्या चुलीत पाणी ओतलं होतं, आणि ती मला अजून व्याही म्हणून मानाने वागवत होती. मी म्हणालो, "बाई, मी काय करू सांगा. मारू म्हणाल तर मारतो." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

"आई आई! लेकीले मारतेत का?" मग थोडं थांबून ती म्हणाली, "पोट्टी दोन वर्सं झाले माहेरी गेली नाई."

मी म्हणालो, हो ना.

"बाप न्यायले आला नाई कधी."

मी म्हणालो, शाळा असते बाई.

बुढीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ढ पोरांकडे बघतो. "सारं गाव मुऱ्हाळ्याची वाट पाहून राह्यलं," ती म्हणाली. माझं डोकं मास्तरचं, चालतं पण उशिरा. मग एकदम टाळकं उघडलं. लेकीला सासरहून काढता येत नाही, मारता येत नाही. पण बाप न्यायला आला तर सासू नाही म्हणू शकत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीतसर मुऱ्हाळी होऊन गेलो. लेकीसाठी हिरवं लुगडं घेतलं होतं. पाच घरांतल्या सगळ्या बाया घाटावर जमल्या. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, बायांनी लुगड्याची चार टोकं पाण्याखाली ताणून धरली आणि मी मुरमुरे टाकले. ती आली. इतका मोठा मासा मी त्याआधी कधी हाताळला नव्हता. माझ्या दोन्ही हातांवर ती जड होऊन टेकली आणि मग एकच फटका. मी डोक्यासकट पाण्याखाली गेलो, नाकातोंडात चिखल, चष्मा कायमचा गेला. माणसाला पाण्यात ओढणारा मासा साहेबांना हवा होता, मिळाला मला. पण लुगड्यात ती आली.

बायांनी तिची ओटी भरली. तांदूळ, सुपारी, हळदकुंकू, सगळं गंजाच्या पाण्यात. ओटीचे तांदूळ तिने तिथल्या तिथे खाल्ले. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. पोस्टमास्तर आपली रिकामी दोरी गुंडाळून उभे राहिले होते, मानाने.

रेंगीत मी, गाडीवान आणि बुढी. बुढीचा हात गंजाच्या पाण्यात. अडीच कोस ती ते पाणी हलवत होती. दमली की मला सांगे, "हालवा," आणि मी दोन मिनिटं थांबलो की पाठीत गुद्दा. वाटेत तेच झाड लागलं, जिथे मी झोपलो होतो. मी नजर दुसरीकडे वळवली.

नदीवर उन्हाळ्याचं स्वच्छ, निळं पाणी होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या पिशवीत गळ होता. सकाळी निघताना तो मी मुरमुऱ्यांच्या पुरचुंडीखाली ठेवला होता. नदीत गेली की ती कोणाची सून नाही, असा हिशेब मी रात्रभर केला होता. हाताशी मुरमुरे, समोर दोन हातांचा महाशीर, मुरमुऱ्याला हमखास येणारा. आयुष्यात परत येणार नव्हता तो योग. गाडीवान बैलांना पाणी पाजायला गेला. माझा हात पिशवीत गेला, बोटांना दोरी लागली.

बुढी गुडघाभर पाण्यात लुगडं सैल करत होती. मासा तडफडत होता. ती त्याला म्हणाली, "भेऊ नको मायबाई. तुहा बाप हाये ना इथी."

मी हात पिशवीतून काढला. पाण्यात उतरलो आणि लुगड्याचं दुसरं टोक धरलं. ती निघाली, दोन हातांवर गेली आणि थांबली. परत वळून माझ्या पायांपाशी आली, तोंड वर करून मुरमुऱ्यांची वाट बघत. मी सगळी पुरचुंडी पाण्यात सोडली. तिने खाल्ले, मग तांबडा मणी खोल पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. मला रडू आलं. एका माशासाठी, बाप्पा! पण आलं.

परतताना बुढीने विचारलं, "कधी आनून देसान?"

"पावसाळा झाला की."

"हो. येकटी नका धाडू."

त्या पावसाळ्यात तिने बी आणलं, तळ्यात सोडलं. दारावरचं तट्टं परत चढलं. पुढच्या उन्हाळ्यात जाळं इतकं भरलं की ओढायला शेजारची माणसं बोलवावी लागली. पोरं खदानीत गेली नाहीत. त्या दिवशी बुढी शाळेत आली, पळसाच्या पानांत एक मोठा रोहू गुंडाळून. मी घेईना. म्हणालो, "बाई, लेकीच्या सासरचं मी कसं खाऊ? आणि तिला आणायचंही राहिलंच माझ्याकडून."

तिने मागे वळून कोणी नाही असं बघितलं.

"आनू नका जी. तुमी रेंगी घेऊन येता का काय, या भेवानं मी वर्सभर पाळीवर पाहत राह्यली." तिचा तो आवाज, बगळे उडवणारा, अगदी बारीक झाला होता. "मी तिले माहेरी नाई धाडलं गुरुजी. खाते म्हनून काहाडलं. सासूनं सुनेले काहाडलं. पाच घरं होते जी, काय करू?"

तिने पानं माझ्या टेबलावर ठेवली.

"गावात इचारलं तं बापच धाडत नाई म्हना. येवढं करसान?"

तेवढं केलं. त्या तळ्यात किंवा त्या डोहात मी पुन्हा गळ टाकला नाही. पुढे माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, खऱ्या लेकी झाल्या आणि नांदायला गेल्या. बुढी तर केव्हाच गेली. पण अजूनही त्या गावचं कोणी बाजारात भेटलं तर आधी रामराम घालतं आणि मग हळूच म्हणतं, "गुरुजी, लेकीले धाडलं नाई तुमी. असं नव्हतं करा लागत." मी म्हणतो, हो भाऊ, माझंच चुकलं.